मशीन काढल्यावरचं मराठी

"लगता ही नहीं," असं म्हणून लोक आमच्या नातीचं कौतुक करतात आणि माझं डोकं फिरतं. त्यांना म्हणायचं असतं की ही मुलगी जन्मापासून बहिरी आहे, हिच्या कवटीत ऑपरेशन करून यंत्र बसवलंय, हे हिच्या बोलण्यावरून कळतच नाही. गल्लीतला पानवाला म्हणतो, शाळेतल्या बाई म्हणतात, परवा दातांचा डॉक्टरसुद्धा म्हणाला. पोरगी बोलतेच तशी साफ, एकेक अक्षर सुटं. मी मान डोलावतो आणि तिचा हात धरून चालू लागतो. ते साफ बोलणं कुणाच्या तोंडून काढून हिच्या तोंडात गेलंय, हे त्यांना कुठून माहीत असणार.

आम्ही काशीतले मराठी. माझ्या पणजोबांच्याही आधीपासून आमचं घराणं इथं आहे. राजा घाटाच्या वरच्या अंगाला एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. दूधवाला हिंदी, शेजार हिंदी, मी ज्या बँकेत जन्म काढला तिथलं भांडणही हिंदी. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. त्यातही माझं मराठी भेसळीचं. बायको मात्र साताऱ्याकडची. लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला हिंदीचा गंधही नव्हता. भाजीवाल्यांशी हुज्जत घालत घालत शिकली, पण शेवटपर्यंत तिची हिंदी क्रियापदं स्वतःच्या मनानंच चालायची. घरात मात्र तिचं बोलणं ऐकावं. रागावली तरी गोड, आणि गोड बोलली की समजायचं आता आपलं काही खरं नाही. मला म्हणायची, "तुम्ही मराठी बोलता की मराठीची कचोरी करता हो?"

सुनेला दिवस गेले तेव्हा ही तिच्या पोटाशी तोंड नेऊन सांगायची, "आधी आजी म्हणायचं बरं का. आई नंतर म्हण, बाबा तर म्हणूच नकोस." सून हसून लोटपोट व्हायची.

पोरगी वर्षाची होत आली तरी ना आजी ना काही. आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. माकडांची टोळी त्या पत्र्यावर उतरली की खाली बसलेल्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो. एका सकाळी ती टोळी धाडकन उतरली. सुनेच्या हातातलं ताट पडलं, मी शिवी हासडली, आणि पोरगी सतरंजीवर बसून आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत होती. मानसुद्धा वर केली नाही. बायको तिच्याकडे बघत राहिली. मग पूजेतली घंटा घेऊन तिच्यामागे जाऊन उभी राहिली आणि वाजवली. वाजवतच राहिली. शेवटी मी तिच्या हातातून घंटा काढून घेतली.

तपासण्या झाल्या, लखनौच्या फेऱ्या झाल्या, ऑपरेशन झालं. त्या यंत्राचा एक भाग कातडीखाली असतो, तो दिसत नाही. दुसरा बाहेर. कानामागे अडकवायचं एक छोटं मशीन, त्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला बटणापेक्षा थोडी मोठी चकती. ती चकती चुंबकानं डोक्याला चिकटते. चिकटली की ऐकू येतं. काढली की ठार बहिरी, पहिल्यासारखी. अंघोळीला काढायचं, झोपताना काढायचं, केसांना तेल लावताना काढायचं.

लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की पोर बोलायला लागतं. चष्मा घातला की दिसतं, तसं. छे. यंत्र नुसता आवाज पोचवतं. त्या आवाजातला कुठला माकडाचा, कुठला कुकरचा आणि कुठला आईचा, हे डोक्याला शून्यापासून शिकवावं लागतं. मग ते तोंडातून काढायला शिकवावं लागतं. त्यासाठी आम्ही पोरीला घेऊन स्पीच थेरपीच्या बाईंकडे जायला लागलो. बाई कडक, पण मनानं चांगल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, घरात कुठली भाषा बोलता? सून म्हणाली, मराठी. बाईंनी पेन खाली ठेवलं. शाळा हिंदी, थेरपी हिंदी, गल्ली हिंदी. मग घरातही हिंदीच हवी, असं त्या म्हणाल्या. ऐकू येणाऱ्या पोरांना दोन भाषा झेपतात, हिला नाही झेपणार. दोन्हीच्या मधे अडकेल आणि बोलणं कधीच साफ व्हायचं नाही. "एक ही भाषा रखिए, माताजी," असं त्यांनी बायकोकडे बघून सांगितलं, कारण दिवसभर पोर तिच्याकडे असायचं.

घरी येऊन मी थयथयाट केला. आमच्या घरात आम्ही काय बोलायचं हे सांगणारी ही कोण? इतक्या पिढ्या या गावात राहून जे टिकवलं ते एका बाईच्या सांगण्यावरून बुडवायचं? मुलगा म्हणाला, दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे बाबा. सून खाली मान घालून बसली होती. बायको गवारीच्या शेंगा मोडत होती. माझं ओरडून झाल्यावर ती म्हणाली, "बंद म्हणजे बंद. पोर बोलू दे, मग कुठल्या का भाषेत बोलेना. मला काय मराठी चाटायचंय?"

आणि मग शेंगा मोडता मोडता म्हणाली, "दादी म्हणू दे मला. सोपं आहे तोंडाला."

बंद म्हणजे खरंच बंद केलं तिनं. मुलगा विसरायचा, मी तर मुद्दाम विसरायचो, पण ही कधी चुकली नाही. पोरीसमोर माझ्या तोंडून मराठी निघालं की डोळे वटारायची आणि हिंदीत झापायची. नवऱ्याला हिंदीत 'आप' म्हणून झापणं, त्याला काही चवच नाही हो. आमची निम्मी भांडणं त्यामुळे मिटली. गावाकडून तिच्या बहिणीचा फोन आला की गच्चीवर जाऊन बोलायची. बहीण एकदा राहायला आली, तिलाही आठवडाभर मोडकंतोडकं हिंदी बोलायला लावलं. जाताना बहीण रडली. म्हणाली, तुझ्याकडे येऊन तुझ्याशी बोलल्यासारखंच वाटलं नाही.

दर सकाळी एक तपासणी असायची, मशीन नीट चाललंय का ते बघायची. पोरीच्या मागे उभं राहायचं, म्हणजे तिला ओठ दिसायला नकोत, आणि सहा आवाज काढायचे. आ. ऊ. ई. म. श. स. प्रत्येक आवाज ऐकू आला की पोरीनं वाटीत एक राजमा टाकायचा आणि तो आवाज काढून दाखवायचा. हे काम बायकोनं स्वतःकडे घेतलं. सगळ्यांत छळलं ते 'स'नं. तो आवाज बारीक, वाऱ्यासारखा निसटतो. पोरीला तो ऐकूच यायचा नाही, आला तर बोलता यायचा नाही. सेब म्हणजे एब, सात म्हणजे आत. बायको तिचा तळवा आपल्या तोंडासमोर धरायची आणि 'स' म्हणायची, म्हणजे वाऱ्याची ती बारीक रेघ पोरीच्या हाताला लागायची. किती महिने ते चाललं होतं. स्वयंपाक करता करता, कपडे वाळत घालता घालता, स, स, स. शेजारीण मला विचारून गेली की घरात साप निघाला का.

आणि एक दिवस पोरगी दह्याच्या दुकानात बोलली. त्या दुकानात अजून सेराचीच भाषा चालते. मी मुद्दाम मागे उभा होतो. थेरपीच्या बाईंचा नियमच होता की तिच्या वतीनं कुणी बोलायचं नाही, लोकांना कळलं नाही तर तिलाच पुन्हा बोलू द्यायचं. दुकानदार कामात, मानसुद्धा वर न करता त्यानं विचारलं, क्या चाहिए? पोरगी म्हणाली, "आधा सेर दही, और मीठी लस्सी." त्यानं दही तोललं, लस्सी दिली. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिच्याकडे निरखून बघितलंसुद्धा नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती पदराला हात पुसत ऐकत होती. म्हणाली, "सेर म्हणाली? स आला?" मी म्हटलं, आला. तर बायको गच्चीवर निघून गेली. बराच वेळ खाली आलीच नाही.

आता तेलाचं सांगतो. त्यासाठीच तर हे सगळं लिहायला घेतलंय.

शाळेत जाण्याआधी बायको नातीच्या केसांना खोबरेल लावून दोन वेण्या घालायची. उजवी वेणी जरा खालून, म्हणजे चकतीला जागा राहील. पोरगी पाटावर, ही मागे स्टुलावर, समोर खिडकीत टेकवलेला आरसा. आधी चकती आणि मशीन काढून स्टीलच्या वाटीत ठेवायचं. पहिल्यांदा मला कळलं तेव्हा मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. बाहेरून आवाज यायला लागला, आणि मला वाटलं हिची बहीण आली की काय. कारण ते मराठी होतं. भरभरून, न थांबता, साताऱ्याकडचं मराठी.

मी दारात आलो. ती पोरीच्या केसांत बोटं घालून बोलत होती. "अगं किती गुंता केलास हा, कुठं लोळत होतीस, माकडांत राहतेस का गं तू माझे बाई? मान सरळ. अश्शी. तुझ्या पणजीचे केस कसे होते माहितेय, बसली की जमिनीला टेकायचे. विहिरीवर केस धुवायला बसली की आम्ही पोरी बघत बसायचो." मग विहिरीचं. मग तिथल्या आंब्याचं, जो गोड असूनही सगळे आंबट म्हणायचे. मग माझ्या कागाळ्या. "तुझा आजोबा काल माझ्यावर चिडला, कशावरनं सांगू? मोजा सापडेना म्हणून. मोजा त्याच्या पायातच होता." पोरगी समोर आरशात बघत, पाय हलवत बसलेली. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, अगं, हे काय? तर वळून बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मशीन काढलंय की. बाईंचा नियम मोडत नाही मी."

त्या दिवसापासून रोज ऐकायला लागलो. पेपर समोर धरायचा आणि ऐकायचं. सगळं आयुष्य सांगितलं तिनं त्या पोरीला. लग्नात या गावाला यायला निघाली तेव्हा गाडीत किती रडली होती, ते मला कधी सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. गेलेल्या मुलीचं सांगितलं. आम्हाला मुलाच्या आधी एक मुलगी झाली होती, ती जगली नाही, आणि तिचं नावही आम्ही घरात पुन्हा घेतलं नव्हतं. ते नाव मी त्या सकाळी भिंतीआडून ऐकलं. पोरगी पाय हलवत होती.

शेवटी वेण्या झाल्या की एकच वाक्य असायचं. चकती हातात घ्यायची, पोरीच्या डोक्यापाशी न्यायची आणि चिकटवण्याआधी म्हणायची, "झालं गं माझ्या सोन्या. आता ऐक सगळ्यांचं." मग चकती चिकटायची आणि त्याच तोंडातून पुढचं वाक्य हिंदीत यायचं, चलो, दूध पियो.

आता लोक मला विचारतात की मोबाइलवर रेकॉर्ड का नाही केलंत? काय बोलायचं यांच्याशी. बायको तेल लावताना काय बोलते ते कोण रेकॉर्ड करतं? ती उद्याही बोलणारच असते.

पोरगी मोठी होत होती आणि आरशात बघत होती. आम्हाला वाटायचं, तिला काय कळतंय. पण ओठ बघायची सवय बहिऱ्या पोराची जात नाही, कितीही तोंडावर हात धरा. नऊ-दहा वर्षांची असेल. सुनेनं एकदा घाईत मशीन लावून दिलं तर पोरगी फुरंगटली. म्हणाली, मम्मीनं मंत्र न म्हणताच लावलं. सून म्हणाली, कसला मंत्र? पोरगी म्हणाली, "दादी मंत्र पढ़ती हैं न, तभी तो मशीन बोलती है." काशीतलं पोर. जिकडे तिकडे कुणी ना कुणी ओठ हलवत बसलेलंच असतं, आणि ते सगळे मंत्रच म्हणत असतात. तिनं आपलं गणित बसवलं होतं. दादीचे ओठ शेवटी दर वेळी सारखेच हलतात, आणि लगेच जगाचा आवाज सुरू होतो. मंत्र नाही तर काय?

मग तिनं हट्टच धरला. मला मंत्र ऐकायचाय. मशीन लावून ऐकायचाय. दादीच्या मागे लागली, दादी, एक बार सुना दो. बायको हसली. लाजली म्हणा ना. तिच्या त्या हिंदीत म्हणाली, मोठी हो, मग सांगेन. पोरगी माझ्याकडे आली, दादाजी, तुम्हाला ऐकू येतं, तुम्ही सांगा. मी म्हटलं, मंत्र ज्याचा त्यानंच द्यायचा असतो, तुझ्या दादीकडूनच घे. मला वाटलं, गंमत आहे. चालू दे.

त्याच सुमारास आमच्या जुन्या थेरपीच्या बाई निवृत्त झाल्या आणि नवीन मुलगी आली. पंचविशीतली असेल, चटपटीत. तिनं पोरीला तासभर बोलायला लावलं, वाचायला लावलं, गोष्ट सांगायला लावली, आणि खूश झाली. मग सहज विचारलं, घरात मराठी बोलता ना? हिला मराठी किती येतं? सुनेनं सांगितलं की बंद केलं, एकच भाषा ठेवायला सांगितलं होतं. तिनं खुर्ची पुढे ओढली. म्हणाली, पूर्वी तसं सांगायचे. आता नाही सांगत. घरची भाषा घरच्यांनी मनापासून बोलावी, या यंत्राची मुलं दोन-दोन भाषा साफ बोलतात. बंद करायची काही गरज नव्हती. हे सगळं तिनं फार हळू सांगितलं, कारण तिनं बायकोचा चेहरा बघितला होता.

रिक्षात बायको पोरीची सुटलेली वेणी पुन्हा घालत बसली. मी मात्र भडकलो होतो. जुन्या बाईंच्या नावानं बोटं मोडली, डॉक्टरांच्या नावानं मोडली. त्या बिचारीनं तेव्हा जे शिकली होती तेच सांगितलं असणार, हे मला आज कळतं, तेव्हा कळून घ्यायचं नव्हतं. घरी आल्यावर म्हटलं, आता आजपासून सुरू कर. बोल तिच्याशी मराठी, खुशाल बोल. तर म्हणाली, "नको. एवढ्या मेहनतीनं सरळ झालंय तिचं बोलणं. आता मराठी घातलं आणि पुन्हा अडकली तर? या नव्या मुलीचं वय काय, अनुभव काय." मी म्हटलं, अगं शिकलेली आहे ती. बायको म्हणाली, "आणि खरं असलं तर? म्हणजे मी उगाचच इतकी वर्षं..." वाक्य तिथंच टाकून उठली आणि कणीक मळायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चकती वाटीत ठेवली आणि मगच तोंड उघडलं, रोजच्यासारखं.

त्यानंतर थंडी पडली आणि एका सकाळी ती देवापुढे बसलेली असताना कलंडली. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली बोलण्याची जागाच दुखावली आहे, थोडंफार परत येईल. थोडंफार आलं, ते मराठीच आलं. पाणी. नको. अहो. दुखतंय. तेही जड जिभेनं, एका बाजूला ओघळणारं. हिंदी मात्र पाटी पुसावी तशी पुसली गेली. नर्स हिंदीत काही विचारायची तर ही माझ्याकडे बघायची, लग्न होऊन आली तेव्हा बघायची तशी.

घरी आणलं. माझ्याशी बोलायची, सुनेशी बोलायची, दोन-दोन शब्द. पण नात जवळ आली की तोंड मिटून घ्यायची. घट्ट. पोरगी पलंगापाशी बसून दादी, दादी करायची, ही तिच्या तोंडावरून डावा हात फिरवायची, डोळ्यांतून पाणी काढायची, पण ओठ मिटलेले. पोरगी बाहेर येऊन मला म्हणाली, दादी मुझसे नाराज़ हैं. सबसे बोलती हैं, मुझसे नहीं. मला कळत होतं काय चाललंय. हिंदी उरलं नव्हतं, आणि मराठी त्या पोरीसमोर काढायचं नाही, हा नियम एवढा हाडात गेला होता की डोक्यातलं सगळं वाहून गेलं तरी तो राहिला. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, अगं बोल, काही होत नाही, मी सांगतोय ना. तिनं मान हलवली. नाही.

पोरगी हट्टी, आजीवर गेलेली. तिनं ठरवलं की दादीला बोलायला आपणच शिकवायचं. राजमा काढला, वाटी काढली. पलंगाच्या मागच्या बाजूला उभी राहून म्हणायची, आ. ऊ. ई. म. श. स. बायको डाव्या हातानं एकेक राजमा वाटीत टाकायची. सहाच्या सहा. त्या सहा आवाजांना भाषा नव्हती, म्हणून तेवढे चालत होते. 'स'ला ती राजमा टाकायची नाही, हातात धरून ठेवायची, आणि पोरगी पुन्हा म्हणायची, स. पुन्हा म्हणायची. मग बायको टाकायची. तिला ऐकू आलेलं असायचं, पण तिला तो आणखी ऐकायचा असायचा.

एका दुपारी पोरगी तेलाची बाटली, कंगवा आणि आरसा घेऊन आली. पाट पलंगाला टेकवला, आरसा खुर्चीवर उभा केला आणि दादीकडे पाठ करून बसली. मशीन मात्र काढलं नाही. कानावर तसंच ठेवलं. मला म्हणाली, आज मंत्र सुनूँगी, आप बीच में मत बोलिएगा. मी दारात खुर्ची ओढून बसलो.

बायकोनं डाव्या हातानं कसंबसं तेल लावलं. अर्धं उशीवर सांडलं. वेणी काही जमणार नव्हती, नुसती बोटं फिरवत राहिली. पोरगी आरशात बघत होती. मग बायकोचा हात केसांतून सरकत उजव्या बाजूला आला, चाचपडला, चकती सापडली. तिनं ती काढली. वायरीसकट मशीन काढून पलंगावर ठेवलं, वाटी तिथं नव्हती म्हणून चादरीवर नीट ठेवलं. आणि मग इतक्या दिवसांनी मिटलेलं तोंड उघडलं. "झालं," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "सोन्या." मग पुन्हा तोंड हललं, वाकडं, एकाच बाजूनं. "ऐक... सगळ्यांचं."

मी ऐकलं. पोरीनं नाही ऐकलं. आरशात तिनं ओठ बघितले, पण ते आता तिच्या ओळखीचे नव्हते. ती वळली. आधी दादीकडे, मग माझ्याकडे. काय म्हणाली, असं हातानं विचारलं. मी उठून मशीन तिच्या कानामागे अडकवलं, चकती चिकटवली. मला वाक्य पुरं बोलायचं होतं, तुटलेलं नाही. "झालं गं माझ्या सोन्या. आता ऐक सगळ्यांचं." तिनं विचारलं, याचा अर्थ? मी हिंदीत सांगितला. तिनं चकती बोटानं नीट दाबून बसवली. म्हणाली, "मंत्र नहीं था?" मी म्हटलं, नव्हता. मग ती दादीकडे तोंड करून ते वाक्य बोलली. सावकाश, एकेक अक्षर सुटं, थेरपीत शिकली तसं. झालं गं. माझ्या सोन्या. आता ऐक सगळ्यांचं. एवढं स्वच्छ मराठी माझ्या तोंडूनही कधी निघालं नव्हतं, आणि सगळ्यांचं म्हणताना 'स' असा आला की काय सांगू.

बायको घाबरली. खरंच घाबरली, तिचे डोळे मी बघितले. तिनं डावा हात उचलला आणि पोरीच्या तोंडावर ठेवला. दाबून. आणि मान हलवत राहिली, नको, नको, नको. पोरीनं तो हात तसाच राहू दिला.

त्यानंतर बायको फार दिवस राहिली नाही. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा मुलानं हिंदीत मराठीत काय काय कबूल केलं. कावळा बसून राहिला होता. शेवटी पोरगी पुढे झाली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, लोक फार होते. पण कावळा शिवला.

आता वेण्या पोरगी स्वतःच घालते. आरसा त्याच खिडकीत. मी पेपर घेऊन आतच बसतो, दुसरं कुठं बसवत नाही. नव्या थेरपीच्या मुलीनं सांगितलंय म्हणून मी तिच्याशी मराठी बोलतो, माझं ते कचोरीचं मराठी, आणि ती हसते. काही काही शिकलीय. पण ते एक वाक्य ती मशीन लावून कधीच बोलत नाही. केस झाले की चकती हातात घेते, डोक्यापाशी नेते आणि चिकटवायच्या आधी बोलते. तेव्हा तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसतो, त्यामुळे तो सपाट निघतो, लहानपणी निघायचा तसा, आणि त्यातले सगळे 'स' गळून पडतात. बाहेरच्या कुणाला ते काय आहे ते कळायचं नाही. मला कळतं.